स्वारगेटवरून परत फिरलेल्या मास्तरांना

मास्तर, शिवऱ्याच्या एसटी थांब्यासमोर तुमचा फ्लेक्स लावलाय. पंक्चरवाल्याच्या टपरीच्या वर, तारेनं बांधलेला. तुमच्या डोक्यावर बँडची लाल टोपी, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट. त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे पंधरा फोटो. ती पंधरा तोंडं मिळून तुमच्यापेक्षा मोठी दिसतात. त्यातला तिसरा, गॉगलवाला, नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ आहे. ज्या मिरवणुकीत तुम्ही छाती धरून खाली बसलात, त्या मिरवणुकीत तो डीजेच्या गाडीपुढं नाचत होता. तुम्ही बसल्यावरही नाचत होता.

एसटीतून उतरले आणि तो फ्लेक्स बघत उभी राहिले. फाडावासा वाटला. पंक्चरवाला बघत होता, म्हणून हात आवरला.

पण त्या पंधराजणांवर आहे त्याहून जास्त राग माझा तुमच्यावर आहे. आई म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी तिला म्हटलं, मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये, मी त्यांच्याशी बोलतेय. चार महिने बोलले नव्हते. आता बोलते.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी भोरच्या आमच्या घराच्या गॅलरीत वैतागून उभी होते. पुण्यात संगीतात एमए करत होते आणि एका विषयासाठी चार वेगवेगळे संगीतप्रकार निवडायचे होते. त्यांचं विश्लेषण लिहायचं आणि दुसऱ्या वर्षी परीक्षकांसमोर चारही सादर करायचे. मी लहानपणापासून फक्त ख्याल शिकलेली. बाकीचे तीन प्रकार कुठून आणू, म्हणून मी पुस्तकं उपसत होते. खालून लग्नाची मिरवणूक आली. तुम्ही लावणी वाजवत होता. कोपऱ्यावर कॉलेजची पोरं दिसली तसं त्या लावणीतूनच सिनेमातलं गाणं काढलंत. पुढं दत्ताच्या देवळापाशी म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या, तिथं ठेका न तोडता अभंगाच्या चालीवर आलात. आणि गल्ली संपता संपता पुन्हा लावणीवर. मी वर्षभर ज्याच्यासाठी डोकं फोडणार होते, ते तुम्ही आमच्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करून दाखवलं होतंत, आणि तेही नवरदेवाच्या घोड्याकडे एक डोळा ठेवून.

पुढच्या रविवारी पत्ता विचारत शिवऱ्याला आले. टपरीच्या मागं तुमच्या दोन खोल्या. तुम्ही दारात बसून क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत होता.

"मला शिकायचंय," मी म्हटलं.

"कुनाच्या लग्नात वाजवनार?"

"परीक्षेत."

तुम्ही आत बघून हसलात. "ऐकलं का? परीक्षेत वाजवनार म्हनं." तुमची बायको, म्हणजे काकी, चहा घेऊन आल्या. तुम्ही नाव विचारलंत. मी अनघा सांगितलं, तुम्ही अनगा म्हणालात. मी आगाऊपणानं 'घ' म्हणायला सांगितलं, तर म्हणालात, "आमचा घ घरापुरताच हाय."

घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते ऑफिसचे कपडेही न बदलता खुर्चीत बसले. तहसील कचेरीत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आवाज चढवत नाही. फक्त म्हणाले, "बँडवाल्याकडे?" त्या एका शब्दात त्यांनी सगळं सांगितलं. मी भांडले. आठ दिवस घरात बोलणं बंद होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी ते लपवलं नाही, उलट मोठ्या अभिमानानं येऊन सांगितलं, की तुमच्यासाठी मी बापाशी भांडले.

तुम्ही म्हणालात, "वडलांशी भांडू नगंस. त्यांचं बी बराबर हाय."

"काय बरोबर आहे त्यांचं?"

"हाय बराबर."

हा आपला पहिला वाद, आणि तो कधी संपलाच नाही. मी तुम्हाला नंतर किती वेळा विचारलं. कोणी मांडवात बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवलं तरी तुमचं 'बराबर हाय'. डीजेवाल्यानं तुमच्या तोंडासमोर आवाज वाढवला तरी 'बराबर हाय, पोरास्नी नाचायचं असतंय'. तुमच्या तोंडून कुणासाठी 'नाही' निघालं नाही. मला वाटायचं, किती मोठं मन. आता वाटतं, हा आजारच होता.

शिकवणं मात्र तुमच्यासारखं कोणाचं नाही. दीड महिना फक्त एक सूर धरायला लावलंत. ओठ फुटले, काकींनी तूप लावलं. मग शेताच्या बांधावरून चालत वाजवायला लावलंत. "बसून वाजिवनारी लई असत्यात. चालता चालता वाजवून दाव." मी ढेकळात अडखळून पडले तेव्हा आधी क्लॅरिनेट बघितलंत, मग मला. लावणीचं वळण समजावताना म्हणालात, "हितं थांबायचं न्हाई, थांबल्यासारखं करायचं." मी वहीत त्याला भलंमोठं नाव दिलं. विभागातल्या बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारून बाजूला 'उत्तम निरीक्षण' लिहिलं. निरीक्षण तुमचं, शेरा मला.

आणि तो दिवस आठवतो का, मी तुम्हाला मोबाईलवर दूरच्या कुठल्यातरी देशातला लग्नाचा बँड ऐकवला? एक इअरफोन तुमच्या कानात, एक माझ्या. क्लॅरिनेटच होतं. तुम्ही डोळे मिटलेत. गाणं संपल्यावर म्हणालात, "ह्यो मानूस रडतोय, पर चाल नाचायची ठिवलीय. पोरीकडच्या बाजूनं वाजवतोय ह्यो." मी त्या प्रकारावर चार निबंध वाचले होते. त्यातल्या कोणालाही हे सुचलं नव्हतं. तुम्ही तेच गाणं तीनदा लावायला सांगितलंत, मग काकींना बोलावून त्यांच्या कानात इअरफोन घातलात. काकी म्हणाल्या, "ह्यास्नी घोडा हाय का?" आपण तिघं हसलो. त्या दिवसासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आता राग आलेला असताना सांगतेय, असं आहे.

माझीही चूक झाली. ती लिहिते, नाहीतर हे सगळं खोटं ठरेल.

दिवाळीनंतर मी मोबाईलमध्ये सूर मोजायचं ॲप घेतलं. सूर बरोबर लागला की हिरवा पट्टा, चुकला की लाल. तुम्ही लावणी वाजवत होता आणि मी मोबाईल तुमच्यासमोर धरला. "मास्तर, हा गंधार उतरतोय. बघा, लाल येतंय." तुम्ही वाजवायचं थांबून पडद्याकडं बघितलंत. परत वाजवलंत. परत लाल. त्या दिवसापासून मी आले की तुम्ही वाजवताना मधेच माझ्याकडं बघायला लागलात. माझ्या तोंडावर लाल दिसतंय का हिरवं, ते बघायला. त्या लावणीला तो गंधार तसाच, दोन सुरांच्या मधला लागतो, हे मला पुढं विभागातल्या बाईंनी समजावलं. मी ते तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. परीक्षा झाली की सांगू म्हटलं.

परीक्षा संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होती. लावणीसाठी आणि मिरवणुकीच्या वादनासाठी तुम्ही माझ्याबरोबर वाजवायचं ठरलं होतं. काकींनी तुमचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होता. तुम्ही विचारलंत, "परीक्षक किती असत्यात?" मी म्हटलं, पाच. "आनि काय इचारत्यात?" मी म्हटलं, "काहीही. राग कुठला, स्वर कुठले, चलन कसं." तुम्ही मान हलवलीत. मी पुढं बोलतच राहिले. तुमचा चेहरा बघितला असता तर कळलं असतं. नाही बघितला.

त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. अकराला माझा नंबर होता, मी बारापर्यंत पुढं ढकलला. तुमचा फोन बंद. मी एकटीनं वाजवलं. ख्याल गायचा होता, तो बरा झाला. लावणी मेली. एका परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "हे तुम्ही कुठं ऐकलंय तरी का?" मी पास झाले, पण त्या वाक्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवऱ्याला आले तेव्हा तुमची बँडची माणसं अंगणात बसली होती. साइड ड्रमवाले सखारामकाका, मोठ्या ढोलाचे पांडूकाका, ट्रम्पेटवाले दोघं भाऊ. तुम्ही नेहमीसारखे चाव्या पुसत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "का आला नाहीत?"

"जमलं न्हाई."

"सुपारी होती का कुठली?"

तुम्ही गप्प. मग मी म्हणाले ते म्हणाले. "बरोबर आहे बाबांचं. तुमची लायकी मिरवणुकीपुरतीच आहे."

सखारामकाका उठून उभे राहिले. तुम्ही हातानं त्यांना बसवलंत आणि मला म्हणालात, "व्हय."

फक्त 'व्हय'. मास्तर, मला शिवी द्यायची होतीत. हाकलून द्यायचं होतंत. ते फडकं माझ्या तोंडावर फेकायचं होतंत. तुम्ही 'व्हय' म्हणालात आणि खाली मान घालून पुसत राहिलात, आणि मी पाय आपटत एसटीला गेले. मनात म्हणत राहिले, बघा, ह्यांना काहीच वाटत नाही.

चार महिने मी आले नाही. तुमचा फोनही आला नाही. मधल्या काळात, पाडव्याच्या आसपास, नसरापूरच्या डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं होतं की आता फुंकायचं नाही, हृदय थकलंय. हे काकींना माहीत होतं. सखारामकाकांना माहीत होतं. पंक्चरवाल्याला माहीत होतं. एका दिवशी भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, सर्व्हिस रोडवर, मागं डीजेची गाडी आणि पुढं शोभेला तुमचा बँड, अशा मिरवणुकीत तुम्ही वाजवत होता. डीजेपुढं क्लॅरिनेट ऐकू येत नाही, म्हणून जास्त जोरात फुंकत होता. मग तुम्ही रस्त्यावर बसलात. नाचणाऱ्यांना वाटलं मास्तर रंगात आलेत. एकानं व्हिडिओ काढला. तो माझ्यापर्यंत आला, मास्तर, भोरच्या कुठल्यातरी ग्रुपवर, खाली हसण्याच्या चिन्हांसकट, तुमची बातमी येण्याच्या तासभर आधी. सखारामकाकांनी तुम्हाला टेम्पोत घातलं तेव्हा मागं गाणं चालूच होतं. मला ते गाणं ओळखता येतं. त्याचं विश्लेषण मला करायचं नाही.

मी चौथ्या दिवशी आले. काकी मागच्या खोलीत बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले.

"आता आलीस?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग त्याच म्हणाल्या, "त्या दिशी त्ये गेलं व्हतं तुज्या परीक्षेला."

मला वाटलं, काकींची चूक होतेय. पण त्या सांगत राहिल्या. तुम्ही सकाळी सहाच्या एसटीनं निघालात. पांढरा शर्ट, पेटीत क्लॅरिनेट. स्वारगेटला उतरलात. माझा विभाग तिथून रिक्षानं पंधरा मिनिटं. तुम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलात. फोन बंद केलात. दुपारपर्यंत बसलात आणि तीनच्या गाडीनं परत आलात.

"का, काकी?"

"भ्या वाटलं त्यास्नी. म्हनले, त्यी शिकलेली मानसं इचारतील, ह्यो सूर कंचा, आन मी काय सांगू? माजा सूर तर लाल येतोय. माज्यापायी अनगाला खाली बघाय लागंल."

मी रडले नाही. मला इतका राग आला की रडू आलंच नाही. हजार हजार माणसांसमोर आयुष्यभर वाजवलेला माणूस पाच चष्मेवाल्यांना घाबरतो. आणि घाबरतो ते ठीक, मीही त्या दिवशी उलटी करून आत गेले होते. पण मला सांगायचं ना, मास्तर. त्या अंगणात मी ओरडत होते तेव्हा 'मला भीती वाटली' एवढे तीन शब्द. मी लगेच तिथंच तुमच्या शेजारी फतकल मारून बसले असते. तुम्ही माझी लाज राखायला परत फिरलात, आणि मला चार महिने तुमच्याबद्दल वाईट विचार करायला मोकळी सोडलीत. हे कसलं जपणं? माझ्याकडून कायमचं पाप करून घेतलंत.

"मी त्यांना काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे ना?" मी काकींना विचारलं.

"दाराआड व्हते मी."

"माझं चुकलं."

"चुकलंच," काकी म्हणाल्या. "त्यांचं बी चुकलं. येक शबुद बोलाया काय झालं व्हतं? मला बी ह्ये येकच बोलले, दुसरं कवा काय न्हाई. छातीत कळ आली तरी पानी दे म्हनायचे निस्तं." मग त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी उठताना कोपऱ्यातल्या तुमच्या पेटीकडं बघितलं. त्या न बघताच म्हणाल्या, "त्येला हात लावायचा न्हाई." मी लावला नाही.

परवा सखारामकाकांचा फोन आला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यात लग्न. सुपारी तुम्हीच घेतलेली, आणि क्लॅरिनेटवाला मिळत नव्हता. "येतीस का? तुला वंगाळ वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे."

बाबांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला, स्कूटरची किल्ली घेतली आणि मला नसरापूर फाट्यापर्यंत सोडायला आले. टेम्पो येईपर्यंत माझ्याबरोबर थांबले. सखारामकाका खाली उतरले, तेव्हा बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "उन्हाचं जपून." तुम्ही असतात तर लगेच त्यांना 'साहेब, बसा' म्हणाला असतात. बरं झालं, नव्हतात.

टेम्पो रस्ता संपेपर्यंत गेला, पुढं आम्ही वाद्यं घेऊन चढलो. वर डीजे पोचत नाही. बांधून ठेवलेली मेंढरं, पंधरा-वीस घरं, पानांचा मांडव. मारुतीपासून मांडवापर्यंत नवरदेवाला न्यायचं होतं. मी माझं सेकंडहँड क्लॅरिनेट लावलं आणि पुढं झाले. बायका टोपीखालचं माझं तोंड वाकून बघत होत्या. लावणी वाजवली, सिनेमाचं वाजवलं, म्हाताऱ्या दिसल्या तिथं अभंग वाजवला. बरं चाललं होतं. नवरदेवाचे मामा माझ्यापुढं नाचायला लागले.

मांडवाच्या दारात नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन उभी राहिली आणि मला कळेना, आता थांबायचं कसं. गेल्या मोसमात मी तुमच्या मागं तीन-चार मिरवणुकांत वाजवलं होतं, पण दार आलं की तुम्ही पुढं व्हायचात आणि आम्ही मागं सरकायचो. तिथं काय करता हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. सखारामकाका डोळ्यांनी खुणावत होते. ताटातला दिवा वाऱ्यानं विझला, त्या बाईनं तो परत लावला, मी वाजवतच होते. शेवटी दम संपला आणि सूर मधेच तुटला. क्षणभर सगळे माझ्याकडं बघत राहिले. मग तिनं ओवाळलं आणि माणसं आत गेली.

आम्ही पाचजण गोठ्याच्या सावलीत बसलो. सखारामकाका म्हणाले, "झालं बरं. शुक्रवारी भोंगवलीला हाय. येशील?"

"येईन," मी म्हटलं. "पण आधी सगळ्यांनी सांगायचं. कोणाला काय होतंय ते. छातीत, पोटात, कुठंही. नाहीतर मी येणार नाही." माझा आवाज चढला होता. मांडवातल्या दोघांनी वळून बघितलं. "पुन्हा कोणी गप्प राहून मेलं तर मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

सखारामकाकांनी ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. पांडूकाका म्हणाले, "मला शुगर हाय. दोन वरसं झाली. गोळी घेत न्हाई."

"मला डाव्या कानानं कमी येतंय," सखारामकाका म्हणाले.

ट्रम्पेटवाल्या थोरल्यानं सांगितलं की त्याला रक्तदाबाची गोळी आहे. धाकटा आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, तोंडात जखम आहे, भरत नाहीये, दाखवायला भीती वाटते. सखारामकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारी जाऊ. मी येतो संगं."

मग चौघांनी माझ्याकडं बघितलं.

"मघाशी दारात मला भीती वाटली," मी म्हटलं. "थांबायचं कसं ते कळेना."

"आमाला दिसलं त्ये," पांडूकाका म्हणाले. "त्यात काय येवडं?"

त्यात काय एवढं, मास्तर? सांगा ना, काय एवढं होतं त्यात?

मांडवातून एक म्हातारा धोतर सावरत आला आणि म्हणाला, "बँडवाले, चला, पयली पंगत तुमची." आम्ही एकमेकांकडं बघितलं, हात धुतले आणि जेवायला बसलो.